मदत हवी आहे: बेरोजगारी-गुन्हेगारीच्या मॉडेलमध्ये आर-नॉट काढायचा कसा?

साथरोगांच्या मॉडेलच्या धर्तीवर (तिथे आर-नॉट म्हणजे एक रुग्ण सुरुवातीला सरासरी किती जणांना लागण करतो तो आकडा) चार गट घेतलेत: नोकरीवाले (न), बेरोजगार (ब), गुन्ह्यात शिरलेले (ग), तुरुंगातले (त). 'ब'मधून 'ग'मध्ये जायला दोन वाटा (बीटा आणि अल्फा हे त्यांचे दर). एक संगतीची, म्हणजे बीटा × ब × ग. दुसरी आपसूक, अल्फा × ब: संगत कुणाची नाही, पण हातात पैसाच नाही. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरने 1968 मध्ये मांडलेला हिशेब (गुन्ह्यातून मिळेल किती, सापडण्याची शक्यता किती, सरळ मार्गाने कमाई किती) मला या अल्फात बसवायचाय.

घोडं इथेच अडलंय. अल्फा शून्याहून मोठा असला की 'ग = 0' हा समतोल (गुन्हेगार एकही नाही आणि स्थिती तशीच टिकते) उरतच नाही. मग आर-नॉट कशाभोवती काढू? अल्फा उडवला तर गणित सुटतं, पण गुन्हेगारी म्हणजे निव्वळ संसर्ग असं होऊन बसतं. ते पटत नाही.

शिवाय अमेरिकेत ऑक्टोबर 2009 मध्ये बेरोजगारी 10 टक्क्यांवर गेली, गुन्हे मात्र त्या वर्षी घटले. माझ्या मॉडेलमध्ये 'ब' वाढला की 'ग' वाढतोच. कुठे काय बदलू?

प्रतिसाद १
आर-नॉटचा नाद सोडा. अल्फा ठेवा, 'ग' शून्याहून मोठा असतानाचा समतोल काढा आणि तो अल्फा-बीटा बदलल्यावर किती हलतो ते दाखवा. अल्फा अगदी लहान असेल तर अल्फा = 0 धरून आलेला उंबरठा (आर-नॉट 1 ओलांडतो तो बिंदू) तरीही कामाचा; त्याच्या आसपास समतोल झपाट्याने चढतो.

2009 चं म्हणाल तर कँटर आणि लँड या संशोधकांचा 1985 चा युक्तिवाद बघा. नोकरी गेलेला माणूस घरी असतो, घर राखलं जातं, म्हणून चोरीची संधी लगेच घटते. चणचण जाणवते ती शिल्लक संपल्यावर. म्हणून 'ब'चे नवे आणि जुने असे दोन गट करा, अल्फा फक्त जुन्यांना लावा, आणि एकूण बेरोजगारीबरोबर उतरणारा संधीचा गुणक घाला. चोऱ्या आणि हिंसक गुन्हे एकत्र मोजू नका. राफाएल आणि विंटर-एबमर या अर्थतज्ज्ञांना 2001 मध्ये बेरोजगारीचा स्पष्ट परिणाम मालमत्तेच्या गुन्ह्यांवर दिसला, हिंसक गुन्ह्यांवर तितका नाही.

'त'मधून 'ब'कडे बाण आहे ना?

धागाकर्ता
आहे. पण सुटून आलेला आणि कालच नोकरी गेलेला, दोघे एकाच 'ब'त पडतात. सुटलेल्यांना थेट जुन्यांत टाकू?

प्रतिसाद १
टाका. त्यांना नोकरी लागण्याचा दरही कमी ठेवा.