व्हीएफचा मॅक पत्ता ठरवायचा कुठून: व्हीएममधून, होस्टवरून की एक्सएमएलमधून?

प्रश्न (जळगाव एमआयडीसी)
नमस्कार मंडळी. एका डाळ मिलचे सर्व्हर सांभाळतो. डेबियन आणि त्यावर केव्हीएम, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवायची लिनक्सची सोय. बिलिंगच्या व्हीएमला इंटेलच्या नेटवर्क कार्डाचा एक व्हीएफ (एकाच कार्डाचे जे आभासी भाग पाडतात, त्यातला एक) थेट दिला आहे. रात्री लाइट गेली, यूपीएस संपला आणि सर्व्हर पुन्हा उठला, की त्या व्हीएफचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) वेगळाच असतो. मग डीएचसीपीत, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सेवेत, त्या मॅकसाठी केलेलं रिझर्व्हेशन लागत नाही, आयपी बदलतो. सकाळी वजनकाट्यावर तुरीच्या गाड्या लागलेल्या, हमाल ताटकळलेले आणि पावती निघत नाही.

जोडीदार म्हणतो, व्हीएमच्या आतच पत्ता लिहून टाक, विषय संपला. मला पटत नाही, पण कारण नीट मांडता येत नाही. होस्टवर (खालच्या मूळ सर्व्हरवर) 'आयपी लिंक' कमांडने द्यावा की लिबव्हर्टमध्ये, म्हणजे व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एक्सएमएल फाइलीत?

उत्तर (भुसावळ)
भाऊ, तुमचं न पटणं बरोबर आहे. होस्टने व्हीएफला पत्ता दिलेला नसेल तर आतला ड्रायव्हर दर वेळी मनाने नवा बनवतो. तुमचा त्रास तिथूनच सुरू होतो. आत लिहिलात तर आज चालेल. पण उद्या व्हीएम नव्याने टाकली की तो पत्ता गेला, आणि तिचा क्लोन काढला की एकाच नेटवर्कवर दोघांचा पत्ता एक. कोणत्या पत्त्याने बोलायचं हे पाहुण्याने नाही, घरमालकाने ठरवायचं. होस्टने एकदा पत्ता दिला की इंटेलचे ड्रायव्हर आतून तो बदलू देत नाहीत, होस्टवर त्या व्हीएफला 'ट्रस्ट' ही मुभा दिली असेल तरच देतात. मिलच्या हिशोबाच्या मशीनला हा पहारा हवाच.

आता आयपी लिंक. 'व्हीएफ ०' लिहून पुढे मॅक दिला की काम होतं, पण रीबूटनंतर ते पुसलं जातं. शिवाय व्हीएम चालू असताना दिलात तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) कार्ड सांगतं की व्हीएफचा ड्रायव्हर पुन्हा लोड करा. म्हणून मी एक्सएमएलच्या बाजूने. फक्त एक बघा: व्हीएफ एक्सएमएलमधल्या साध्या 'होस्टडेव्ह' नोंदीने जोडला असेल तर लिबव्हर्ट मॅकला हातच लावत नाही. 'इंटरफेस', टाइप 'होस्टडेव्ह' असं लिहा आणि आत मॅक द्या. मग व्हीएम सुरू व्हायच्या आधी लिबव्हर्ट स्वतः कार्डाला पत्ता सांगतं.

उत्तर (धुळे)
दादांचं म्हणणं बरोबर, पण आयपी लिंकचा तो रस्ता जुना झाला हेही सांगायला हवं. त्यात एका कार्डाचे सगळे व्हीएफ एकाच यादीत कोंबलेले असतात आणि नेटलिंकच्या (कर्नलशी बोलायच्या वाटेच्या) एका अॅट्रिब्यूटला ६४ केबीची मर्यादा आहे. व्हीएफ शेकड्यांनी झाले की यादी मावत नाही. लिनक्स ५.९ पासून डेव्हलिंकमध्ये (कार्डाची मांडणी करायच्या नव्या साधनात) पोर्ट फंक्शनचा, म्हणजे पोर्टमागच्या व्हीएफचा, हार्डवेअर पत्ता देता येतो. प्रत्येक व्हीएफला स्वतःचं पोर्ट, त्यावर त्याचा पत्ता. मांडणी स्वच्छ आहे. नवं काही उभारायचं तर तेच शिकावं.

उत्तर (भुसावळ)
मांडणी स्वच्छ आहे, मान्य. पण त्यासाठी कार्ड स्विचडेव्ह मोडमध्ये (कार्डातला स्विच लिनक्सच्या ताब्यात देणाऱ्या मोडमध्ये) चालायला हवं आणि ड्रायव्हरने साथ द्यायला हवी. डाळ मिलमध्ये जे कार्ड आधीच बसलं आहे त्यावर आज रात्री काय चालेल, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पत्ता निवडताना पहिल्या बाइटकडे लक्ष द्या. ५२:५४:०० हा केव्हीएमचा नेहमीचा, स्थानिक वापराचा. ५३ ने सुरू केलात तर तो मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीचा) ठरतो आणि लिबव्हर्ट घेत नाही. ००:५०:५६ व्हीएमवेअरचा आहे, तो इथे नको.

प्रश्नकर्ता
पाहिलं, आमच्याकडे साधं 'होस्टडेव्ह'च आहे. रविवारी मिल बंद असते, तेव्हा बदलतो. डीएचसीपीतही तोच मॅक टाकतो आणि सर्व्हरची विजेची वायर काढून पुन्हा लावून बघतो. एक राहिलं: दोन्ही सर्व्हरच्या व्हीएमचे पत्ते एकमेकांत येऊ नयेत म्हणून यादी कुठे ठेवता?

उत्तर (भुसावळ)
एक्सएमएल फाइली गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात). शेवटचे तीन बाइट मी सर्व्हरप्रमाणे वाटून घेतो: पहिल्या सर्व्हरचे ०१ ने सुरू, दुसऱ्याचे ०२ ने.