जुन्या चर्चचं हीटिंग-कूलिंग, कमी पैशात

प्रश्न: दगडी चर्च, २० बाय १० मीटर, छत ९ मीटर उंच. वापर रविवारी दोन तास. बॉयलर थकलाय, उन्हाळ्यात वरच्या गॅलरीत बसवत नाही. निधी तुटपुंजा. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: आधी फटी बुजवा. घनफळ १८०० घनमीटर. तासाला एकदा जरी सगळी हवा बदलली, तरी तापमानातल्या दर अंश फरकामागे सुमारे ६०० वॉट वाया. आत १५ अंश जास्त हवेत? मग नुसत्या फटींपायी ९ किलोवॉट! दरवाज्यांना ब्रशपट्टी लावा. छतावर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) घातलंत तर कौलांखाली हवा खेळती ठेवा, नाहीतर वासे कुजतात.

उत्तर २: दोन तासांसाठी अख्खी हवा कशाला, माणसं तापवा. बाकांखाली इलेक्ट्रिक पॅनेल, ओळीओळीला वेगळं बटण. वायरिंगला भार झेपतो का, ते आधी तपासून घ्या. पाइप ऑर्गन (नळ्यांत हवा सोडून वाजणारं मोठं वाद्य) असेल तर हवेचं तापमान तासाला दीड अंशाहून वेगाने चढवू नका, त्याचं लाकूड तडकतं.

उत्तर ३: एसीच्या फंदात पडू नका. रात्री वरच्या-खालच्या खिडक्या उघड्या, सकाळी बंद. जाड भिंती गारवा धरतात. हवा दमट असेल तेव्हा मात्र नको, गार दगडाला पाणी सुटतं.