चेंज रिपोर्ट रखडलेत, शासनाकडे मिळून मागणी कशी मांडायची?

पागोळी:
तालुक्यातल्या काही न्यासांचे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचे अर्ज) धर्मादाय कार्यालयात नुसते पडून आहेत. परिशिष्ट १ वर, म्हणजे न्यासाच्या नोंदणी उताऱ्यावर, जुनीच नावं, त्यामुळे बँक सह्या बदलून देत नाही. सगळ्यांनी मिळून 'कायदा बदला' असं निवेदन द्यायचं घाटतंय. कुणाला द्यावं? आणि हे राजकारण ठरून ८०जी (देणगीदारांची करसवलत), एफसीआरए (परदेशी देणगीची नोंदणी) अडचणीत येईल का?

खर्डेघाशा:
कायदा बदला म्हणाल तर फाईल तिथेच बसेल, कारण तो बदललेला आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली विश्वस्तांच्या नावांतला बदल १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता मंजूर करून ३० दिवसांत हरकती मागवता येतात. हरकत आली नाही तर तीच मंजुरी कायम होते. मागणी 'ही तरतूद वापरा' एवढीच ठेवा.

त्यासाठी आधी आकडे हवेत. माहिती अधिकारात तीनच विचारा: आलेले चेंज रिपोर्ट किती, तात्पुरते मंजूर किती, हरकत नसताना वर्षाहून जास्त प्रलंबित किती. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा, संस्थेच्या लेटरहेडवर नको. एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. 'का रखडले' विचारलंत की 'माहितीच्या व्याख्येत बसत नाही' हे उत्तर ठरलेलं.

माजघर:
निवेदन मंत्रालयात विधी व न्याय विभागाला, प्रत वरळीला धर्मादाय आयुक्तांना. जिल्हाधिकाऱ्यांना दिलंत तर ते फक्त 'पुढील कार्यवाहीस्तव' पुढे जाईल. आवक क्रमांकासह पोच घ्या. आमदारांना निवेदनाऐवजी तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) तयार मसुदा द्या, तोही अधिवेशनाच्या बराच आधी. नागपूरला अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेला कागद फोटोपुरता. विधान परिषदेचे सदस्यही विसरू नका.

सुपारी:
८०जी ला अशा मागणीने धक्का नाही. पक्षाचा प्रचार किंवा उमेदवाराला पैसा मात्र नको. एफसीआरएबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इन्साफ या संस्थेच्या खटल्यात स्पष्ट केलंय: सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने जनहितासाठी बंद, रास्ता रोको केला तरी तेवढ्यावरून ती राजकीय ठरत नाही. खरी मेख वेगळीच आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, अगदी तिच्याकडे एफसीआरए असलं तरी. त्यामुळे मोहिमेच्या सामायिक खर्चात तो पैसा घालूच नका. स्थानिक वर्गणी काढा, पावत्या फाडा.

खर्डेघाशा:
एक राहिलं. 'संस्थांचेच अर्ज अपुरे असतात' हे उत्तर येणारच, आणि बऱ्याचदा ते खरं असतं. बदलापासून ९० दिवस उलटले असतील तर विलंबमाफीचा अर्ज आहे का? सभेची नोटीस पोचल्याचा पुरावा, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले बघा. नोटिशीचा पुरावा सगळ्यात जास्त वेळा गहाळ असतो. ज्यांची फाईल पुरी, तेवढ्याच संस्थांची नावं निवेदनाला जोडा.