मदत हवी आहे: जेटेबलमध्ये लिहिलेला शेवटचा दर बिल जतन करताना गळतो

भुलेश्वर_डेस्कटॉप

मंगलदास मार्केटमधल्या घाऊक कापड दुकानासाठी बिलाचा डेस्कटॉप प्रोग्राम आहे. जावा १७, स्विंग (जावाची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी). बिलाच्या ओळी जेटेबलमध्ये (स्विंगच्या तक्त्यात) आहेत: माल, मीटर, दर, कर, रक्कम. मॉडेल (तक्त्यातली माहिती धरून ठेवणारा भाग) ॲब्स्ट्रॅक्टटेबलमॉडेलवरून केलंय, पैशांचे आकडे बिगडेसिमलमध्ये (अचूक दशांश आकड्यांचा जावातला क्लास). मीटर आणि दराला डिफॉल्टसेलएडिटर वाढवून केलेला एडिटर (सेलमध्ये टाइप करताना उघडणारा घटक), आत जेटेक्स्टफील्ड. कराचा एडिटर ॲब्स्ट्रॅक्टसेलएडिटरवरून लिहिलाय, आत कॉम्बोबॉक्स (पर्यायांची उघडणारी यादी). गादीवरचे मेहताजी (हिशेबनीस) माउसला क्वचितच हात लावतात, सगळं कीबोर्डवर.

मुख्य अडचण ही: शेवटच्या ओळीत दर टाइप करून लगेच कंट्रोल-एस केलं की बिल जुन्या दराने जतन होतं, पण स्क्रीनवर नवा दर दिसत असतो. कंट्रोल-एस हा मेनूतल्या 'जतन'चा शॉर्टकट आहे. 'टर्मिनेटएडिटऑनफोकसलॉस्ट' ही क्लायंट प्रॉपर्टी ट्रू केल्यावर खालच्या बटणावर माउसने क्लिक केलं तर नीट जतन होतं, शॉर्टकटने मात्र नाही.

शिवाय, सेलवर जाऊन ४५ टाइप केलं तर आधीच्या १२० ला चिकटून १२०४५ होतं. मराठी कीबोर्डवरून आकडा टाकला तर एडिटर नाकारतो (तपासणी रेग्युलर एक्स्प्रेशनने, बॅकस्लॅश-डी वापरून). आणि कराच्या कॉम्बोत खालचा बाण एकदा दाबला की पुढचा पर्याय पक्का होऊन एडिटर बंदच होतो.

दर चुकला तर लाल चौकट यावी आणि दुरुस्त होईपर्यंत बिल पुढे जाऊ नये, एवढं हवंय.

पार्लेकर

आधी जतनचं, कारण त्यात दुकानाचे पैसे जातात. सेल एडिट होत असताना नवा आकडा फक्त टेक्स्टफील्डमध्ये असतो, मॉडेलला त्याचा पत्ता नसतो. एडिटरचं स्टॉपसेलएडिटिंग() चाललं की मगच टेबल गेटसेलएडिटरव्हॅल्यू() विचारतं आणि मॉडेलचं सेटव्हॅल्यूॲट() बोलावतं. तुम्ही लावलेली प्रॉपर्टी फोकस (कीबोर्डचा ताबा) दुसरीकडे हलला तरच जागी होते. बटणावर क्लिक केलं की फोकस हलतो, मेनूच्या शॉर्टकटने हलत नाही. टूलबारवर सेटफोकसेबल(फॉल्स) केलेलं बटण असेल तर तिथेही आकडा असाच गळेल.

म्हणून जतनच्या ॲक्शनची पहिली ओळ ही हवी:

इफ (टेबल.इजएडिटिंग() && !टेबल.गेटसेलएडिटर().स्टॉपसेलएडिटिंग()) रिटर्न;

हीच ओळ छपाई, नवीन बिल, ओळ काढणे आणि खिडकी बंद करणे या चारही ठिकाणी टाका. ओळ काढताना तर नक्कीच. टेबलला सॉर्टर (ओळींचा क्रम लावणारा घटक) नसेल तर बिलातली वरची ओळ काढल्यावरही एडिटिंगचा क्रमांक जुनाच राहतो, आणि टाइप केलेला दर भलत्याच मालाला जाऊन बसतो. हे बिलात सहजी लक्षातही येत नाही.

ती प्रॉपर्टी मी काढून टाकेन. स्टॉपसेलएडिटिंग()ने फॉल्स दिलं तर ती पुढे कॅन्सलसेलएडिटिंग() करते. म्हणजे चुकीचा दर लिहून मेहताजींनी वर ग्राहकाच्या नावावर क्लिक केलं की लाल चौकट न दिसताच जुना दर परत येतो. तुम्हाला हवंय त्याच्या नेमकं उलट. प्रॉपर्टी नसेल तर एडिटर उघडा राहतो आणि जतनच्या वेळी ती 'इफ'ची ओळ त्याला गाठते.

काळाचौकी_जावा

पार्लेकरांशी सहमत. आकड्यांसाठी मात्र स्वतःचा एडिटर लिहायची गरजच नाही. मॉडेलच्या गेटकॉलमक्लास()मधून मीटर आणि दरासाठी बिगडेसिमल.क्लास परत करा. ॲब्स्ट्रॅक्टटेबलमॉडेलमध्ये ती मेथड सगळ्यांना ऑब्जेक्टच सांगते, म्हणून आकड्यांचा तयार एडिटर तुमच्यापर्यंत पोचत नाही. तो एडिटर त्या क्लासचा स्ट्रिंग घेणारा कन्स्ट्रक्टर वापरून बघतो. तो फसला तर लाल चौकट काढून फॉल्स देतो, आणि पुढच्या वेळी उघडताना चौकट पुन्हा काळी करतो. आकडे उजवीकडे सरकवलेले मिळतात ते वेगळंच.

देवनागरी आकड्यांचा प्रश्नही यातच सुटतो. बिगडेसिमलचा कन्स्ट्रक्टर कॅरेक्टर.इजडिजिट() ज्याला आकडा मानतं ते सगळं स्वीकारतो, त्यामुळे '१२५.५०' सरळ चालतं. इंटीजर.पार्सइंट()सुद्धा देवनागरी घेतं. डबल.पार्सडबल() घेत नाही, आणि जावातलं बॅकस्लॅश-डी वेगळा फ्लॅग दिल्याशिवाय फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. तुमचा एडिटर नाकारत होता तो त्यामुळेच.

दोन गोष्टी सांभाळा. सेल रिकामा करून एंटर मारला तर हा एडिटर सेटव्हॅल्यूॲट()ला नल (किंमतच नाही) देतो, तेव्हा मॉडेलमध्ये नल म्हणजे शून्य की जुना दर हे आधीच ठरवा. आणि '१,२५०' असा स्वल्पविराम बिगडेसिमलला चालत नाही. मेहताजींना तशी सवय असेल तर या तयार एडिटरवर विसंबू नका. स्वतःच्या एडिटरच्या स्टॉपसेलएडिटिंग()मध्ये स्वल्पविराम काढून पार्स करा, बिघडलं तर चौकट लाल करून फॉल्स, नाहीतर किंमत एडिटरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून सुपर.स्टॉपसेलएडिटिंग(). सगळ्या सेलना एकच एडिटर पुन्हापुन्हा मिळतो, त्यामुळे गेटटेबलसेलएडिटरकंपोनंट()मध्ये चौकट आणि जुनी किंमत दोन्ही पुसायला हवं. लिसनर (घटना घडली की चालणारा कोड) तिथे कधीच जोडू नका. दर वेळी सेल उघडला की एक वाढतो.

लोअरपरळ_कोड

१२०४५ चं: जेटेबलचं एडिटसेलॲट(ओळ, कॉलम, इव्हेंट) ओव्हरराइड करा. आधी सुपर बोलवा, मग एडिटर टेक्स्टचा असेल तर सिलेक्टऑल(). नेटवर सगळीकडे ते इन्व्होकलेटरमध्ये (काम रांगेत टाकून थोडं नंतर चालवणारी मेथड) घालायला सांगतात, आणि कीबोर्डवर तिथेच घोटाळा होतो. पहिला ४ सेलमध्ये पडल्यानंतर सिलेक्टऑल चालतं, मग ५ त्या ४ ला खाऊन टाकतो. असं कधी होतं, कधी नाही, म्हणून शोधायला फार त्रास. इव्हेंट माउसचा असेल तरच इन्व्होकलेटर, कारण तो क्लिक पुन्हा टेक्स्टफील्डकडे पाठवला जातो आणि निवड मोडते. बाकी वेळी लगेच.

कॉम्बोचं: 'जेकॉम्बोबॉक्स.इजटेबलसेलएडिटर' ही क्लायंट प्रॉपर्टी कॉम्बोवर ट्रू करा. मग बाणाने नुसतं वरखाली फिरता येतं आणि एंटरने पक्कं होतं. डिफॉल्टसेलएडिटर हे स्वतःच करतो, ॲब्स्ट्रॅक्टसेलएडिटरवरून लिहिलं की आपल्याला करावं लागतं. वेगळं काही कारण नसेल तर डिफॉल्टसेलएडिटरलाच कॉम्बो द्या.

न विचारलेलं एक: एंटरने जेटेबल खालच्या ओळीत जातं. बिलात मीटरवरून दरावर, म्हणजे उजवीकडे जायला हवं. टेबलच्या 'व्हेनॲन्सेस्टरऑफफोकस्डकंपोनंट' इनपुटमॅपमध्ये एंटरला 'सिलेक्टनेक्स्टकॉलमसेल' जोडा. टॅबला तीच ॲक्शन असते.

भुलेश्वर_डेस्कटॉप

तिघांचेही मनापासून आभार. प्रॉपर्टी काढली, ती ओळ जतनमध्ये आणि त्या चारही ॲक्शनमध्ये टाकली, आता कंट्रोल-एसला दर बरोबर जातो. बाणाचं आणि ४५ चंही सुटलं.

दोन उरलं. नवीन बिल उघडलं की कराचा कॉम्बो जाऊन साधं टेक्स्टफील्ड येतं. आणि रक्कम १,२३४,५६७ अशी दिसते, १२,३४,५६७ हवी. फॉरमॅटच्या पॅटर्नमध्ये लाखाचे स्वल्पविराम दिलेत तरी.

काळाचौकी_जावा

नवीन बिलाला फायरटेबलस्ट्रक्चरचेंज्ड() करत असाल. त्याने कॉलम नव्याने बनतात आणि कॉलमवर लावलेला एडिटर जुन्या कॉलमबरोबर जातो. कॉलम तेच असतील तर फायरटेबलडेटाचेंज्ड() पुरे. सेटऑटोक्रिएटकॉलम्सफ्रॉममॉडेल(फॉल्स) पण करून ठेवा. दर बदलल्यावर रक्कम ताजी करायला मात्र फायरटेबलरोजअपडेटेड() त्या एका ओळीपुरतं. डेटाचेंज्ड केलंत तर निवड पुसली जाते आणि मेहताजींचा कर्सर हरवतो.

लाखाचं: जावाचं डेसिमलफॉरमॅट पॅटर्नमधला फक्त शेवटचा गट बघतं, म्हणून सगळीकडे तीन-तीन. आयसीयू४जे लायब्ररीतलं त्याच नावाचं डेसिमलफॉरमॅट दुसरा गटही पाळतं. ते रेंडररमध्ये (सेल नुसता दाखवणारा घटक) लावा. एडिटरमध्ये स्वल्पविराम नसलेलाच आकडा दाखवा, नाहीतर तोच आकडा बिगडेसिमलपाशी अडेल.