विषय: सांगलीचं लग्न – नवरीची बैलगाडी बोहल्यापर्यंत की फाटकापर्यंत?

प्रेषक: मामा
मंडळी, कार्यालयाचा नकाशा आला. फाटक 12 फूट, तिथून बोहलं 70 फूट. त्यातली पहिली 40 फूट गुळगुळीत फरशी, मध्ये छोटा चढ. बाकी गणपतीच्या मीटिंगला ठरलं तसंच: गाडी, नवरीच्या डोक्यावर धरायची फुलांची चादर, हलगी, कोल्ड पायरो (ठिणग्यांची कारंजी). आता कार्यालयवाले म्हणतात बैल घसरतील. हिरवं मॅटिंग अंथरलं तर भागेल का? सोमवारी ॲडव्हान्स द्यायचाय.

प्रेषक: नाना
मॅटिंग अजिबात नको. बैलाच्या खुरांना लोखंडी पत्र्या असतात. फरशीवर त्या सरकतात, आणि मॅटिंग टाकलं तर बैलासकट मॅटिंगच सरकतं. पुढचा एक पाय गेला की जू तिरकं होतं आणि दुसरा बैल बिचकतो.

आत न्यायचीच असेल तर गोणपाट अंथरून वर दोन इंच मुरूम टाका आणि हलकं पाणी मारून दाबून घ्या. 40 बाय 8 फुटांना साधारण अर्धा ब्रास (पन्नासेक घनफूट) लागेल. चाक टायरचं असू द्या. लाकडी चाकाची लोखंडी धाव फरशीचे टवके काढते आणि कार्यालय डिपॉझिट कापतं.

दुसरं, करवल्या मागे बसवू नका. चढावर गाडी उलार (मागे जड) होते, जू वर उचलतं आणि सापत्या (जुवाचे पट्टे) बैलांच्या गळ्याला आवळतात. नवरी आसाच्या जरा पुढे, करवली फार तर एक. सगळ्यांनाच पुढे कोंबलंत तर गाडी धुरजड (पुढे जड) होईल, तेही नको.

प्रेषक: वहिनी
नाना, मुरमावरून आलेली पाहुण्यांची पावलं नंतर बोहल्यावर येणार, ते कोण झाडणार? नऊवारीचा काठही लाल होईल. फाटकात उतरवा आणि 70 फूट चादरीखालून चालवत आणा. फोटो तिथेच चांगले येतात. गाडीत नवरी बसलेली असते, दिसतात बैलांची शिंगं.

चादर 6 बाय 4 फूट, सुतळीच्या जाळीवर झेंडू आणि कडेला निशिगंध. जाळीखालून दोन आडव्या दोऱ्या ताणा, नाहीतर मध्ये पोट सुटतं आणि मुंडावळ्या अडकतात. फुलवाला ताजेपणासाठी वरून पाणी मारतो, ते मारू देऊ नका. वजन वाढतं आणि साडीवर पिवळे डाग पडतात. धरणारे चौघे सारख्या उंचीचे हवेत. नात्याने निवडलेत तर चादर एका बाजूला कलणारच.

प्रेषक: दाजी (सातारा)
बैलांचं आधी बघा. नोव्हेंबरात तिकडे ऊसतोड असते, जोड्या कारखान्याच्या वाटेवर. साताऱ्याहून खिलार जोडी मागवा, मी सांगतो कुणाला.

प्रेषक: नाना
दाजी, ऊस काय साताऱ्यात नसतो? आणि तुमच्या डोक्यात जी जोडी आहे ती शर्यतीची. ती हलगी ऐकली की पळायलाच बघते, तिला तेच शिकवलंय. उसाच्या गाडीची जोडी घ्या, दुपारच्या खेपेनंतर. ट्रॅक्टर, हॉर्न, गर्दी तिला सवयीची असते. घुंगरमाळ आणि झूल आदल्या दिवशीच एकदा घालून बघायला सांगा.

प्रेषक: आबा (यादी व्यवस्थापन)
ही ईमेल-यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे याची आठवण. शिवाय मंडळाच्या अब्दागिऱ्या (मिरवणुकीतल्या शोभेच्या छत्र्या) लग्नासाठी मिळणार नाहीत, कुणी विचारायच्या आधीच सांगतो. लेझीमचे सहा जोड अजून परत यायचेत.

प्रेषक: वहिनी
आबा, अब्दागिरी कुणी मागितलीच नव्हती.

प्रेषक: भाचेबुवा (साउंड)
कोल्ड पायरोबद्दल. ‘कोल्ड’ नावापुरतंच. टायटॅनियमसारख्या धातूच्या भुकटीच्या जळत्या ठिणग्या असतात त्या, हाताला चटकन भाजत नाहीत इतकंच. नायलॉनची जाळी, अंतरपाट, फुलांची चादर यांच्याखाली यंत्र कधीच नको. माणसापासून दहा फूट लांब, वर छत मोकळं. भुकटी दमट झाली की गुठळ्या होतात आणि एक बाजू उडते, दुसरी फुसफुसते, म्हणून पाकीट आयत्या वेळी फोडा. यंत्र तापायला काही मिनिटं लागतात, ऑपरेटरला आधीच इशारा द्या. बैल फाटकात असताना बटणाला हातसुद्धा लावायचा नाही.

विमानाने सांगलीला जाताना इकडून पार्टी पॉपर नेऊ नका, दाबलेल्या वायूच्या नळ्या विमानात चालत नाहीत. भुकटीही तिकडेच घ्या. दिव्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

प्रेषक: माई
सगळं बरोबर, पण गौरीहर कधी पुजायचा? मामा नवरीला आणतो ते गौरीहरापासून. आधी गाडी आणि मग गौरीहर केलंत तर नवरी दोनदा येणार आणि दुसऱ्या खेपेला कुणी मान वर करून बघणार नाही. गौरीहर नवरीकडच्या मुक्कामाच्या खोलीत मांडा. पूजा झाली की तिथूनच गाडीत बसवा.

आणि हलगी तापवायला फाटकाबाहेर शेकोटीची जागा ठेवा. संध्याकाळच्या गारव्यात कातडं उतरतं आणि आवाज भद्द येतो. कार्यालयात जाळ करू देत नाहीत. फाटकात हलगी थांबवून सनई घ्या, नाहीतर गुरुजींची मंगलाष्टकं कुणाला ऐकू येणार?

प्रेषक: भाचेबुवा (साउंड)
माई म्हणतात तसं असेल तर वेळ उलटी मोजा. मुहूर्त गोरज, म्हणजे सूर्यास्त सहाच्या आसपास. मंगलाष्टकांना दहा मिनिटं, चादरीखालच्या वाटेला फोटोवाल्यांसकट चार, उतरायला तीन. म्हणजे सतरा मिनिटं, वर थोडी राखीव; गाडी 5.35 ला फाटकात हवी, कारण बैल घड्याळ बघत नाहीत. सनईचा ट्रॅक चार मिनिटांचा नको, सहाचा ठेवा आणि नवरी बोहल्यावर चढली की हळूहळू उतरवा.

प्रेषक: मामा
ठरलं. गाडी फाटकापर्यंत, मुरूम रद्द, पायरो फक्त बोहल्याच्या दोन टोकांना आणि तेही अंतरपाट दूर झाल्यावर. गौरीहर नवरीच्या मुक्कामाला. दाजी, खिलार राहू द्या.

एकच राहिलं. गाडीची साटी (बसायचा भाग) अडीच-तीन फूट उंच, नऊवारीत उडी मारता येत नाही. नऊ-नऊ इंचांच्या दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल करून घेतो. पण उतरताना चाकांना दगड लावून, दांडीखाली टेकू देऊन मग बैल सोडायचे की बैल तसेच धरून ठेवायचे?

प्रेषक: नाना
बैल सोडायचे नाहीत. गाडीवान पुढे उभा राहून वेसण धरेल. नवरी उतरून दहा पावलं पुढे गेली की मगच सोडा, आणि मागे न वळवता बाजूने काढा. फाटकाच्या उजव्या हाताला पार्किंग आहे का ते विचारा.