मदत हवी आहे : १७ मेच्या पत्रलेखनासाठी पणजीत जागा, आणि फोटोंबद्दल सल्ला

नमस्कार मंडळी. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्या तारखेला कॉलेजची मुलं-मुली पणजीत बसून युगांडाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तांना पत्रं लिहिणार आहेत. तिथल्या २०२३च्या कायद्यात समलिंगी संबंधांना जन्मठेप आहे, काही प्रकारांत थेट फाशी.

पत्र हाताने लिहिलेलं, एका पानाचं. मागणी एकच, कायदा रद्द करा. छापील मजकुराच्या गठ्ठ्याला कोण विचारतो? शिवीगाळ नको. अटकेतल्या कुणाचंही नाव त्याच्या वकिलाला विचारल्याशिवाय घालायचं नाही, त्रास त्यालाच होतो. पोस्टकार्ड नको, पाकीटच. उघड्या कार्डावरचं नाव-पत्ता वाटेत कुणीही वाचतं.

खरी अडचण फोटोंची. घरी न सांगता येणारी मुलं असतात, आणि गोवा तो केवढा! दुपारचा फोटो संध्याकाळी काणकोणात पोचलेला असतो. फोटो नको असणाऱ्यांच्या छातीवर लाल टिकली लावायचं ठरतंय, पण मागच्या बाकावरचा चेहरा तरीही येतोच. कुणाकडे याहून पक्का उपाय आहे? की फक्त हात आणि पाकिटंच टिपावीत?

शिवाय कदंबा स्टँडपासून चालत जाण्याजोगा, रस्त्यावरून आतलं न दिसणारा, तीसेक माणसांचा हॉल हवाय. भाडं देऊ. मालकाला कार्यक्रम कशाचा ते आधीच स्पष्ट सांगा, आयत्या वेळी कुलूप नको. इंग्रजी मसुदे तपासायला दोघं-तिघंही लागतील.