ॲपच्या कमिशनवरही रॉयल्टी? फ्रँचायझरशी वाद कोर्टाबाहेर मिटवायचा आहे

काउंटरवाला:
करारात रॉयल्टी (फ्रँचायझर कंपनीचं नाव वापरण्याचा मोबदला) एकूण विक्रीच्या ६ टक्के. डिलिव्हरी ॲप प्रत्येक ऑर्डरमागे २२ टक्के कापून घेतं, तरी कंपनी पूर्ण बिलावर रॉयल्टी लावते. आता नोटीस आली आहे: ३० दिवसांत फरक भरा, नाहीतर करार रद्द. करारात आधी मध्यस्थी, मग लवाद असं कलम आहे. रॉयल्टीच रोखून धरली तर बोलायला येतील का?

कलमकसाई:
रोखू नका. रॉयल्टी थकली की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि करार तोडायला त्यांना आयतं कारण मिळतं. भांडण किती आहे ते बघा: १०० च्या बिलावर ते ६ मागतात, तुम्ही ७८ वर ४.६८ म्हणता. वाद १.३२ चा. ४.६८ वेळेवर भराच. झेपत असेल तर १.३२ सुद्धा ‘हक्क राखून, निषेधासह’ असं लेखी कळवून भरा, म्हणजे नोटिशीतली हवाच निघून जाते.

पत्र व्हॉट्सॲपवर नको. नोटीस कलमात जो पत्ता आणि जी पद्धत दिली आहे तीच. ३० दिवस पाठवल्यापासून मोजायचे की मिळाल्यापासून, तेही तिथेच सापडेल. त्याच पत्रात मध्यस्थी मागा आणि तोवर मुदत स्थगित ठेवायला सांगा. लेखी होकार येईपर्यंत मुदत चालूच आहे असं धरा.

ताळेबंद:
‘एकूण विक्री’ची व्याख्या काय आहे? कर, परतावे, सवलती बहुधा वगळलेल्या असतात, कमिशन क्वचितच. महिनावार तक्ता करा: पीओएसची (काउंटरवरच्या बिलिंग यंत्रातली) विक्री, ॲपचं स्टेटमेंट, बँकेत जमा. रद्द झालेल्या ऑर्डरी पीओएसमध्ये विक्री म्हणून राहून जातात, त्या आधी शोधा. वाद नुसत्या आकड्यांचा उरला तर दोघांना मान्य असलेला एक हिशेब तपासनीस नेमा. लवादापेक्षा स्वस्त पडतं.

काउंटरवाला:
व्याख्येत कर आणि परतावे वगळलेत. कमिशनचा उल्लेखच नाही.

ताळेबंद:
मग मागच्या थकबाकीवर तुमची बाजू लंगडी आहे. पुढच्यासाठी ॲपच्या ऑर्डरींवर वेगळा दर मागा, मागचं हप्त्यांनी.

मधलीवाट:
मध्यस्थ निर्णय देत नाही, तो तडजोड घडवतो. लवादाचा निवाडा मात्र बांधून ठेवतो. म्हणून मध्यस्थीला कंपनीकडून सही करायचा अधिकार असलेला माणूसच येणार, हे आधी लेखी घ्या. एरिया मॅनेजर आला तर ‘वर विचारून सांगतो’ यातच दिवस जातो. तिथे झालेलं बोलणं पुढे लवादात वापरायचं नाही, यावरही सुरुवातीलाच सह्या हव्यात.

तडजोडनाम्यात हप्त्यांच्या तारखा आणि नवा दर सगळेच लिहितात. जुनी डिफॉल्ट (करार मोडल्याची) नोटीस मागे घेतली, हे वाक्य राहून जातं. मग पुढची किरकोळ चूकही ‘दुसरी चूक’ म्हणून अंगावर येते. तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल तर तिचं काय, तेही त्याच कागदावर घ्या.